१० मिमी एमएस प्लेटला टिग करताना करंट किती ठेवायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: १० मिमी जाडीच्या दोन एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेटा टिगने (टंगस्टनच्या टोकातून आर्क काढून, आर्गॉन वायूच्या आडोशाने केलेलं वेल्डिंग) बट, म्हणजे कडेला कड लावून, जोडायच्या आहेत, मशीन २०० अँपिअरचं आहे, आणि 'एका मिलिमीटरला ४० अँपिअर' या हिशेबाने ४०० अँपिअर लागतात. मग याच मशीनवर काम होईल का?

होईल, आणि पक्कं होईल. तो हिशेब चुकीचा नाही, पण पूर्ण जाडी एकाच पासमध्ये (वेल्डच्या एका फेरीत) वितळवायची असेल तेव्हाचा आहे. ३ मिमीपर्यंत तो छान चालतो, ६ मिमीला ओढूनताणून. त्यापुढे अख्खी जाडी एका दमात वितळवायला कुणी जातच नाही. कडा ग्राइंडरने तिरप्या घासायच्या आणि एकावर एक पास चढवायचे. एकदा व्ही पाडला की करंट प्लेटच्या जाडीवर नाही, त्या त्या पासवर ठरतो.

दोन्ही कडा ३०-३० अंशांत घासा, म्हणजे ६० अंशांचा व्ही होईल. खाली साधारण दीड मिमी सरळ कड ठेवा आणि मध्ये अडीच मिमीच्या आसपास गॅप. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा काळा मिल स्केल (कारखान्यातून येतानाच असलेला काळा थर) चकाकी येईपर्यंत काढा. टिगला घाण अजिबात चालत नाही, तिथे करंट वाढवून काही साधत नाही.

रूट पासला, म्हणजे तळाच्या पहिल्या थराला, मी ९५ ते ११५ अँपिअर ठेवतो. फक्त त्या दीड मिमी कडा वितळायच्या असतात, त्यामुळे एवढा करंट पुरतो. पडलच्या (वितळलेल्या धातूच्या डबक्याच्या) पुढच्या टोकाला किल्लीच्या भोकासारखं छोटं भोक दिसत राहिलं पाहिजे. ते दिसतंय तोवर दोन्ही कडा तळापर्यंत वितळताहेत. भोक बुजायला लागलं तर करंट कमी पडतोय किंवा तुम्ही वायर (भरायची फिलर तार) जास्त कोंबताय. भोक मोठं होत चाललं तर १० अँपिअर उतरवा. पुढचा हॉट पास (रूटवरचा दुसरा थर) १३० ते १५०, भरायचे पास १५० ते १८०, आणि वरची कॅप पुन्हा थोडी खाली, १४० ते १६०, कारण तोवर जॉब चांगला तापलेला असतो आणि कडेला अंडरकट (वेल्डच्या काठाला खाच) लवकर पडतो. हे आकडे सपाट ठेवलेल्या जॉबचे. उभ्या सांध्याला १०-१५ टक्के कमी करा.

करंट बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी कळतं. आर्क लावल्यावर दोन-तीन सेकंदांत चकचकीत पडल तयार झालं पाहिजे. नवीन मुलं प्लेट जळेल या भीतीने करंट कमी ठेवतात आणि पडल बनायची वाट बघत बसतात. त्याने उलटंच होतं. उष्णता आजूबाजूला पसरते, प्लेट वाकते, आणि वायर वरच्यावर वितळून बसते, खालच्या धातूत मिसळत नाही. असा वेल्ड वरून देखणा दिसतो, म्हणूनच तो धोकादायक. भंगारातल्या दोन तुकड्यांवर आधी करून बघा, व्हाइसमध्ये धरून हातोड्याने मोडा. रूटला न वितळलेल्या कडेची सरळ रेघ दिसली तर करंट कमी होता.

टंगस्टन (टॉर्चमधली आर्क काढणारी काडी) २.४ मिमीचं घ्या, लँथनेटेड (लँथॅनम ऑक्साइड मिसळलेलं). डीसीवर ते १५० ते २५० अँपिअर आरामात पेलतं आणि टोक बारीक घासलं तर रूटलाही चालतं. टॉर्च निगेटिव्हला. फिलर तार ७०एस-२ किंवा ७०एस-६ ग्रेडची, २.४ मिमी. आर्गॉन मिनिटाला ८ ते १२ लिटर.

टॉर्च कोणता आहे तेवढं मात्र बघा. हवेवर थंड होणारा १७ नंबरचा टॉर्च साधारण १५० अँपिअरचा असतो, २६ नंबरचा २०० चा. १७ नंबरवर १८० ने पास भरत राहिलात तर मूठ हातात धरवणार नाही. मशीनची ड्यूटी सायकलही वाचा: २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, बाकी विश्रांती.

बट ऐवजी टी जॉइंट (एका प्लेटवर दुसरी उभी) असेल तर उष्णता तीन बाजूंना पळते, करंट जास्त लागतो आणि २०० चं मशीन काठावर येतं. तिथे गॅसच्या बर्नरने प्लेट १०० अंशांच्या आसपास गरम करून घ्या, फार फरक पडतो.

आणि सांधा लांब असेल तर सगळा टिगने भरू नका. रूट आणि हॉट पास टिगने, वरचं साध्या रॉड वेल्डिंगच्या ७०१८ रॉडने, पाइपवाले हेच करतात. ३.१५ चा रॉड, ११० ते १३० अँपिअर, रॉड ओव्हनमधून वाळवलेला. ७०१८ ला होल्डर पॉझिटिव्हला लागतो. टिगवरून रॉडवर येताना केबल बदलायचं विसरू नका.