शिंपल्यांच्या खिडकीतला उजेड

प्रश्न : ताई, नमस्कार. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये आमचं जुनं घर आहे. धाकट्या भावाने त्याचं सहा खोल्यांचं हॉटेल केलंय. शिंपल्यांच्या खिडक्या, लाल कोबा, शिसवी पलंग तसेच ठेवलेत. न्हाणीघराला काचेची भिंत आणि पलंगाशी काळे लटकते दिवे नव्याने केलेत. फोटो मीच काढते. खिडकी पांढरीफटक येते, खोली पिवळी आणि लांबलचक दिसते. खोलीत उभं राहिलं की जुनं-नवं एकमेकांत छान बसलेलं वाटतं, फोटोत मात्र ते येत नाही. कुठे चुकतंय?
– एक वाचक, पणजी

उत्तर : खिडकी पांढरी आणि खोली पिवळी, म्हणजे भर दिवसा सगळे दिवे लावून तुम्ही फोटो काढताय. आधी दिवे बंद करा आणि पाच मिनिटं खोलीत नुसत्या बसा. डोळे सरावले की उजेड कुठून येतो, कोब्यावर कुठवर पोचतो, पलंगाच्या कोरीवकामात कुठे अडतो ते दिसू लागेल.

तुमच्या खिडक्या हे त्या खोलीचं खरं धन आहे. काच महाग होती तेव्हा गोव्यात चपट्या शिंपल्या कडेने घासून चौकोनी करत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. ऊन त्यांतून गाळून येतं, दुधासारखं. बाहेरचं काही दिसत नाही, पण उजेड खोलीभर पसरतो. अशा खोलीचा पहिला फोटो काढायला गेले तेव्हा मी तीन फ्लॅश लावले होते. सगळं लख्ख दिसलं, प्रत्येक कोपरा. घरच्या आजींनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ‘ही आमची खिडकी नव्हे.’ खरंच नव्हती. आतून फ्लॅश पडल्यामुळे शिंपल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यासारख्या दिसत होत्या. त्या मागून उजळतात, तेव्हाच शिंपल्या असतात. तेव्हापासून मी अशा घरात फ्लॅश नेलेला नाही.

म्हणून दिवसाच्या फोटोत उजेड खिडकीचा, आणि फक्त तिचाच. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर एक-दोन सेकंद उघडं राहिलं तरी चालेल. उजेडाचं मोजमाप खिडकीवरून घ्या, म्हणजे शिंपल्यांच्या रेघा राहतील. कोपरे काळोखे झाले तर थोडे राहू द्या. त्या घरांत ते तसेच असतात. फारच बुडत असतील तर त्याच जागेवरून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) फरकाने तीन फोटो काढून जोडा, पण जोडताना हात आवरा. फोंतेन्हासच्या गल्ल्या अरुंद, त्यामुळे समोरच्या पिवळ्या किंवा निळ्या भिंतीवर ऊन पडलं की तो रंग तुमच्या चादरीवर उतरतो. पांढरं पांढरंच दिसावं म्हणून पांढरा कागद ठेवून व्हाइट बॅलन्स घ्या, पण ती झाक पूर्ण पुसू नका. ती त्या गल्लीची आहे.

लटकत्या दिव्यांसाठी वेगळा फोटो, वेगळी वेळ. गोव्यात सूर्य मावळल्यावर संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटं टिकतो. त्यात बाहेरचा उजेड उतरत उतरत आतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो, शिंपल्या निळसर होतात आणि दिव्याखालचा शिसवी पलंग तांबूस. त्याआधी बल्बची खोकी तपासा. खोलीत पिवळसर, ३००० केल्विनचे आणि न्हाणीघरात पांढरेशुभ्र, ६५०० केल्विनचे असतील, तर काचेच्या भिंतीमागे दवाखाना दिसेल. सगळीकडे एकच लावा. पाहुण्यांनाही ते बरं वाटेल.

खोली लांबलचक दिसते ती बहुधा मोबाइलच्या ०.५ या अतिरुंद लेन्समुळे. मुख्य लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. चार फूट उंचीवर सरळ धरा, वर-खाली झुकवू नका, म्हणजे दाराच्या चौकटी उभ्या राहतील. फोटोत ऐसपैस दिसलेली खोली प्रत्यक्षात लहान निघाली, तर पाहुण्याचं मन पहिल्या पावलालाच खट्टू होतं. हे मी मालकांना नेहमी सांगते.

आता तुमचा खरा प्रश्न. जुनं-नवं एकमेकांत बसलेलं अख्ख्या खोलीच्या फोटोत सहसा दिसत नाही, ते सांध्यावर दिसतं. काचेची भिंत जुन्या भिंतीला जिथे भिडते, नव्या दिव्याची वायर जुन्या तुळईवरून जिथे खाली येते, तिथे जवळ जा. गवंड्याने आणि सुताराने तिथे काय जपलं, कुठे माघार घेतली, ते त्या हातभर जागेत कळतं. भिंतीचा खडबडीतपणा दिसावा म्हणून उजेड बाजूने येईल असं उभं राहा. काचेत तुम्ही स्वतः दिसत असाल तर वीतभर सरका. चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावलात तर कोब्यावरची चमक सगळी काढू नका, खिडकीचं प्रतिबिंब त्यात असतं.

सुरुवात एकाच खोलीने करा. पूर्वेची असेल तर दुपारनंतर, म्हणजे ऊन थेट खिडकीवर नसेल. आणि पावसाळ्यात एक ढगाळ दिवस राखून ठेवा. बाहेर पाऊस असताना त्या शिंपल्यांतून येणारा उजेड मी दुसऱ्या कुठल्याच घरात पाहिलेला नाही.