फोटो काढू दे, पण रोस्टरवर नाव बघ

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला, उत्तर द्यायला दोन दिवस लागले कारण आउटेजचं, म्हणजे वीज बंदचं, काम चालू होतं. वीज कंपनीत जॉइन होऊन सहा महिने नाही झाले तोवर तुला डायव्हर्सिटी कमिटीवर घेतलं, हेल्मेट घालून ब्रोशरसाठी फोटोही काढला, आणि आता तू विचारतेयस की हे सगळं खरं असतं का नुसता देखावा. दोन्ही असतं गं. काढू दे फोटो, त्यात लाजायचं काही नाही. पण पुढच्या महिन्याच्या ब्रेकडाउन रोस्टरवर, म्हणजे बिघाड दुरुस्तीच्या ड्युट्यांच्या यादीत, तुझं नाव आहे का ते आधी बघ.

कारण काय होतं माहितेय, साहेब म्हणतात रात्री-अपरात्री तुला कशाला साइटवर पाठवायचं, तू इकडे रिपोर्ट्स बघ. माणूस वाईट नसतो, काळजीनेच बोलतो. पण आपल्या कामात शिकायला मिळतं ते रात्री दोन वाजता ट्रिप झालेला, म्हणजे आपोआप बंद पडलेला, फीडर (भागाला वीज पुरवणारी लाइन) परत उभा करतानाच, आणि स्विचिंगचं, म्हणजे लाइन चालू-बंद करायचं, ऑथरायझेशन द्यायचं की नाही हेही तेच अनुभवाचे तास बघून ठरतं. मग पाच वर्षांनी प्रमोशनच्या वेळी तेच साहेब लिहितात, फील्ड एक्सपीरियन्स कमी. इरेना या आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेचा 2019 चा रिपोर्ट आहे, अक्षय ऊर्जेच्या नोकऱ्यांत बायका 32 टक्के, वाचून बरं वाटतं, पण आत बघितलं की कळतं ऑफिसच्या कामात 45 आणि इंजिनिअरिंग-सायन्सच्या कामात 28. काळजी काळजी म्हणत माणूस टेबलाकडे सरकवला जातो तो असा.

हे काही आजचं नाही. अमेरिकेतली एडिथ क्लार्क 1919 मध्ये एमआयटीतून इलेक्ट्रिकलची मास्टर्स झाली, तिथली पहिली बाई, तरी इंजिनिअर म्हणून कुणी घेईना, आकडेमोड करणाऱ्या मुलींवर देखरेख ठेवायचं काम मिळालं. ते करताकरता तिने ट्रान्समिशन लाइनची गणितं झटपट सोडवायचं एक साधन काढलं, त्याच्या पेटंटसाठी अर्जही केला. इंजिनिअरची पोस्ट मिळाली 1922 मध्ये. लोक तिची गोष्ट प्रेरणा म्हणून सांगतात, मला आपली त्या तीन वर्षांची चीड येते.

बरं, आता माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण डायव्हर्सिटी म्हणजे फक्त आपण बायका, तू आणि मी, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. एका सबस्टेशनला मेंटेनन्स होता, परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, माझ्या नावावर. ब्रेकर, म्हणजे मोठा स्विच, ओपन केला, मग आयसोलेटरचं, म्हणजे लाइन डोळ्यांना दिसेल अशी तोडणाऱ्या स्विचचं, हँडल फिरवलं, तिन्ही फेजची (तारांची) ब्लेड एकदम उघडायला हवीत, मी खालून बघितलं, डोळ्यावर ऊन होतं, वाटलं उघडली. माझ्या शेजारी कॉन्ट्रॅक्टवरचा एक हेल्पर उभा होता, नवीन, आमची भाषा त्याला अर्धीच कळायची, ब्रीफिंग आम्ही आमच्याच भाषेत उरकलेलं आणि सही मात्र त्याचीही घेतलेली. मग नियमाप्रमाणे अर्थिंग करायच्या, म्हणजे तारा जमिनीला जोडायच्या, आधी व्होल्टेज डिटेक्टर (वीज असली की वाजणारा) लावला तर दोन फेज शांत आणि तिसऱ्यावर बीप बीप. त्या फेजचं ब्लेड अर्धवट अडकून राहिलं होतं आणि पलीकडच्या बाजूने लाइन चार्ज होती. कुणाला काही झालं नाही. नंतर पाणी पिताना तो हेल्पर हळूच म्हणाला, मॅडम, मी बघितलं होतं. मी चिडलेच, मग बोलला का नाहीस? तर म्हणतो, मला कोण विचारतं.

बरोबर होतं त्याचं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझ्या परमिटवर कामाच्या आधी गँगमधल्या सगळ्यात नवीन माणसाने बोलायचं, त्याच्या भाषेत, काय बंद आहे, काय चालू आहे, अर्थिंग कुठे कुठे लागलंय. दहा मिनिटं जास्त जातात, सिनियर लोक कंटाळतात, कंटाळू देत. आणि कुणीही थांबा म्हटलं की काम थांबतं, मग त्याची शंका चुकीची निघाली तरी त्याला हसायचं नाही. हा न हसायचा नियम पाळायला सगळ्यात अवघड जातो, आपल्याकडूनही मोडतो.

तर कमिटीत भाषणं ऐकायला बसू नकोस, किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी माग. साइटवर कुलूप लागणारं टॉयलेट. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना कमिटीत एक खुर्ची, कारण सगळ्यात धोक्याचं काम तेच करतात आणि मीटिंगला नेमके तेच नसतात. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ब्रेकर ओपन का क्लोज हे फक्त लाल-हिरव्यावर सोडलं असेल तर शेजारी अक्षरही टाकायला सांग, माझ्या शिफ्टला एकजण होता त्याला ते दोन रंग वेगळे दिसायचेच नाहीत, बिचारा वर्षभर जागेवरून पाठ करून काम चालवत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

आणि ग्लोव्हज. हे तू लिहिलं नाहीस पण मला माहितेय, मोठेच मिळाले असणार. रबराचा ग्लोव्ह, त्यावर लेदरचा, आणि बोटांच्या पुढे इंचभर रिकामी टोकं, अशाने नट धरता येत नाही, मग माणूस वैतागून ग्लोव्ह काढतो आणि तिथेच घात होतो. स्टोअरवाला म्हणेल एकच साइज येते. खोटं आहे, छोटे मिळतात, फक्त कुणी मागवलेले नसतात. उद्या टेप घे, अंगठा सोडून तळहाताचा घेर मोज, इंचात, तोच साइजचा नंबर. मागणीवर दोन जोड्या लिही, एक टेस्टिंगला गेली की दुसरी हातात हवी. आणि साहेबांची सही झाली की मला फोटो पाठव, ब्रोशरचा नको, त्या मागणीचा.