दक्षिण सुदानमध्ये धान्य वाटेतच का अडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण सुदानमध्ये यूएनचे हजारो सैनिक आहेत, त्यांत आपले जवानही आहेत, युद्धातले नियम घालून देणारे जिनिव्हा करार आहेत; मग भुकेल्यांचं धान्य वाटेत अडतंच कसं? बंदुकीच्या पहाऱ्यात ते सरळ का नेत नाहीत? तिथल्या व्हाइट नाईल नदीकाठच्या मलाकाल शहरात मी एका मदतसंस्थेचं गोदाम आणि वाहतूक दोन हंगाम सांभाळली आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

आधी कायदा. तिथली लढाई सरकार आणि बंडखोर यांच्यातली, म्हणजे यादवी. यादवी युद्धालाही जिनिव्हा करारांचं सामाईक कलम ३ (चारही करारांत सारखंच असलेलं) लागू होतं. जो लढत नाही त्याला हात लावायचा नाही, आणि निःपक्ष मदतसंस्था दोन्ही बाजूंना मदत देऊ करू शकते. पण या करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या दुसऱ्या प्रोटोकॉलप्रमाणे (पूरक करार) अशा मदतीला त्या देशाची संमती लागते. ती मनमानीने नाकारता येत नाही, असाच अर्थ आता बहुतेक जाणकार लावतात. गोम अशी की तिथे "नाही" असं कुणी म्हणतच नाही. "उद्या या" म्हणतात.

हा उद्या किती महाग पडतो ते तिथल्या जमिनीवरून कळतं. जमीन आपल्या मराठवाड्यासारखी काळी, चिकट. पाऊस लागला की ट्रकचं चाक रुततं ते पावसाळा सरेपर्यंत निघत नाही. वर्षाचं धान्य कोरड्या महिन्यांतच पुढे सरकवायचं असतं. मार्चमध्ये तीन आठवडे परवानगीचा कागद अडवून ठेवला, तर काही गावांचा पुरा पावसाळा बुडतो. मग विमानातून पोती टाकायची वेळ येते, आणि त्याला रस्त्याच्या कित्येक पट खर्च.

एकदा आमची ज्वारीची बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नाव (हो, तिथलंही मुख्य धान्य ज्वारीच) व्हाइट नाईलवर एका नाक्यावर अडली. नाका म्हणजे झाडाखाली दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चार बंदुका. आमच्याकडे सरकारी बाजूचं पत्र होतं, बंडखोरांच्या बाजूचं वेगळं पत्र होतं. पहिल्या दिवशी शिक्का पुसट निघाला. दुसऱ्या दिवशी साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या दिवशी खलाशांची यादी मागितली, तेव्हा खरं दुखणं कळलं. नावावरून माणूस कुठल्या जमातीचा, डिंका, नुएर की शिलुक, हे तिथे बहुधा ओळखू येतं, आणि आमच्यातले दोघे "पलीकडचे" होते. त्यांना उतरवा आणि जा, असं सांगण्यात आलं. उतरवणं म्हणजे त्यांना हवाली करणं. आम्ही उतरवलं नाही. आमचा स्थानिक सहकारी रोज त्या झाडाखाली जाऊन बसायचा, गावच्या मुखियाला सोबत घ्यायचा, वरच्या माणसांना फोन लावायचा. नवव्या दिवशी बार्ज सुटली. वर ताडपत्री होती, तरी खालच्या थरातल्या पोत्यांत ज्वारीला मोड आले होते.

आता पहाऱ्याचं. ९ एप्रिल २०१३ ला जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ यूएनच्या ताफ्यावर हल्ला झाला. ताफ्यासोबतचे पाच भारतीय जवान मारले गेले, त्यांच्याबरोबर नागरी कर्मचारीही. म्हणजे पहाऱ्याने वाट सुरक्षित होतेच असं नाही. शिवाय धान्य उतरवून पहारा परत फिरतो, पोती गावातच राहतात. रात्री बंदूकवाले आले तर मार खायचा तो गावकऱ्यांनी. म्हणून दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही तरच पहारा, असं माझं मत आहे. बंडखोरांशी बोलणं म्हणजे त्यांना मान्यता देणं, असा आक्षेप घेतला जातो, तो मला पटत नाही. त्याच कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ते पाळल्याने कुणाच्याही कायदेशीर दर्जात फरक पडत नाही.

सैनिक लागतात ते माणसांसाठी. १५ डिसेंबर २०१३ ला राजधानी जुबामध्ये लढाई पेटली आणि लोक जीव मुठीत धरून यूएनच्या तळांकडे धावले. दारं उघडली, त्यामुळे हजारोंचे जीव वाचले. चारच दिवसांनी जोंगलेईतल्या अकोबोच्या यूएन तळावर सशस्त्र जमाव चालून आला. आसऱ्याला आलेले नागरिक आणि दोन भारतीय जवान मारले गेले. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्या यूएन तळातल्या विस्थापितांच्या छावणीवर हल्ला झाला तेव्हा तीसेक माणसं गेली, आणि हुकूम कुणाचा, बळ कधी वापरायचं यावर गोंधळ होता, हे यूएनच्याच चौकशीत निघालं. मी नंतर तिथे गेलो. त्या रात्रीबद्दल बायका बोलायच्या तेव्हा मान वर करून ऐकवत नसे.

त्याच बायकांनी मला एक गोष्ट शिकवली. आम्ही ज्वारी द्यायचो, पण ती शिजवायची कशावर? सरपणाला छावणीबाहेर जावं लागायचं. पुरुष गेला तर मारला जाईल, म्हणून बाई जायची, आणि वाटेत बलात्काराची भीती कायम. यूएनच्या गस्ती सोबत निघायच्या तेव्हा बऱ्याच जणी एकत्र जायच्या. गस्त चुकली तरी त्या जायच्याच, घरात पोरं उपाशी असायची. दळायला पैसे नसले की गिरणीवाल्याला धान्यातलाच वाटा द्यायचा, तो रेशनमधून वजा. दुसऱ्या हंगामात मी मागणीपत्रात दळणाचा वाटा वेगळा धरला आणि कमी सरपण लागणाऱ्या चुली मागवल्या. चुली आल्या त्या गरजेच्या निम्म्याच. कुणाला आधी द्यायच्या ते बायकांनीच ठरवलं: ज्यांच्या घरात सरपणाला पाठवायला फक्त वयात आलेली मुलगी होती, त्यांना.