सिंथ पिकअप बसवला तर गिटारवर बासरी-सनई वाजवता येईल का? त्यासाठी गिटार कोरावी लागते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रुपमधला कीबोर्डवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला, दुसरा मिळेना, हाताशी स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची इलेक्ट्रिक गिटार आहे. तिला सिंथ पिकअप (तारांचा आवाज सिंथला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज काढणाऱ्या यंत्राला, पुरवणारा) बसवला तर बासरी, व्हायोलिन, सनई तुम्हालाच वाजवता येईल का? आणि ओळखीचा कारागीर गिटार कोरून पिकअप आतच बसवून देतो म्हणतोय, तर द्यावी का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. इतक्यात देऊ नका. मी दिली होती.

कारागिराचा हात चांगला होता, घाई माझी होती. ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तो भाग) आणि ब्रिजजवळचा पिकअप यांच्या मधल्या जागेत त्याने माझ्या सांगण्यावरून सुबक खाच कोरली, बाजूला तेरा पिनांच्या सॉकेटसाठी भोक पाडलं, मागून सर्किट मावेल एवढा खड्डा केला, आत तांब्याची टेपसुद्धा लावली. घरी येऊन तारा चढवल्या आणि बघतो तर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार पिकअपवरच्या आपल्या जागेऐवजी दीडेक मिलिमीटर बाहेरून चाललेली. माझ्या ब्रिजवर दोन तारांमधलं अंतर पिकअपपेक्षा किंचित जास्त होतं आणि ते मी मोजलंच नव्हतं. त्याने पहिल्या तारेपासून जुळवत आणलं, त्यामुळे सगळी चूक साठत साठत सहाव्या तारेवर आली. सहावी छेडली की ती स्वतः दबकी ऐकू यायची आणि वर पाचवीही मधूनच बोलायची. शेवटी खाच सागाची पट्टी घालून आणि लांबी भरून बुजवली. बाजूचं भोक अजून तसंच आहे, त्यातून आतली वायर दिसते.

याच कामासाठी दुहेरी चिकटपट्टी पुरते. रोलंड कंपनीचा जीके-३ घ्या किंवा त्या जातीचा कुठलाही पिकअप घ्या, तो मुळात बाहेरून लावायलाच बनवलेला असतो. पातळ पट्टीसारखा पिकअप ब्रिजलगत चिकटतो, त्याचा नियंत्रक डबा ब्रिजच्या मागे गिटारच्या अंगावर बसतो, आणि गिटारच्या नेहमीच्या जॅकमधून एक आखूड वायर त्या डब्यात जाते. रंगाला ओरखडा नको असेल तर आधी साधी कागदी टेप लावायची आणि तिच्यावर चिकटपट्टी. निदान सहा महिने असंच वाजवा. त्यानंतरही रोज वापरावासा वाटला, तर मग खुशाल कोरा.

आता हा पिकअप करतो काय ते सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

तुमच्या गिटारचा नेहमीचा पिकअप सहाही तारांचा मिळून एकच आवाज पुढे पाठवतो, एकदा भाजी ढवळली की मीठ वेगळं काढता येत नाही तसा. सिंथ पिकअपमध्ये सहा तारांखाली सहा छोटे स्वतंत्र पिकअप असतात. तेरा पिनांच्या केबलमधून सहा तारांचे सहा आवाज वेगवेगळे जातात, सातव्या पिनवरून तुमच्या गिटारचा नेहमीचा आवाज जातो, आणि उरलेल्यांवर व्हॉल्यूम, दोन बटणं आणि वीज. वीज उलट दिशेने येते, म्हणजे सिंथकडून गिटारकडे, अधिक सात आणि उणे सात व्होल्ट. त्यामुळे गिटारमध्ये सेल घालावा लागत नाही, पण केबल काढ-घाल करताना सिंथ बंद करायची सवय लावून घ्या.

पुढे या सहा आवाजांचं काय करायचं याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दुकानात त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिली तऱ्हा जुनी. रोलंडने १९७७ साली जीआर-५०० हा पहिला गिटार सिंथ काढला, तोही खास त्याच्यासाठी बनवलेल्या गिटारसकट. १९८० साली जीआर-३०० आला. जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीचा तो तुतारीसारखा, गळा काढून रडल्यासारखा आवाज आठवतो का? तोच हा. त्यात मिडी (वाद्यं आणि संगणक एकमेकांना सूर कळवतात ती भाषा) नाही, कारण मिडीच मुळी १९८३ सालचं. प्रत्येक तारेचं कंपन सरळ सिंथच्या लहरीला हाकतं, त्यामुळे तार छेडली की आवाज त्याच क्षणी. हात जसा फिरेल तसा आवाज फिरतो. पण त्यातून बासरी निघत नाही, सिंथचाच आवाज निघतो.

तुम्हाला हवी आहे दुसरी तऱ्हा. सिंथ तार ऐकतो, हा कुठला सूर ते ओळखतो आणि त्या सुराची आधीच ध्वनिमुद्रित केलेली बासरी वाजवतो. हे ‘ओळखणं’च सगळी गंमत करतं. सूर ओळखायला तारेचं निदान एखाद-दोन वेळा पूर्ण कंपन व्हावं लागतं. सहावी तार मोकळी वाजवली तर सेकंदाला ८२ कंपनं, म्हणजे एका कंपनाला बारा मिलिसेकंद, दोनाला चोवीस. पहिल्या तारेचं एक कंपन अवघ्या तीन मिलिसेकंदांत होतं. वर छेडतानाची खरखर असतेच, ती ओसरेपर्यंत यंत्राला नीट काही कळत नाही. आता हवेत आवाज तीन मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो. म्हणजे जाड तारेवर चोवीस मिलिसेकंदांचा लॅग, म्हणजे उशीर, हा अँप आठ मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. बारीक तारांवर तो जाणवतही नाही. कितीही महागडा सिंथ आणलात तरी जाड तारेचं हे गणित कुणाला चुकलेलं नाही.

यावर तोड म्हणजे जाड तारांवर जायचंच नाही. मी खर्जाचा आवाजसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या तारेवर वाजवतो आणि सिंथमध्ये एक किंवा दोन सप्तकं खाली उतरवून घेतो. सुरुवातीला कान आणि बोटं यांची फारकत होते, पण दोन आठवड्यांत सवय होते.

बासरी आणि व्हायोलिन तुम्हाला नक्की जमेल आणि कीबोर्डपेक्षा बरं जमेल. कीबोर्डवाला मींड काढायला डाव्या हाताने चाक फिरवतो. तुम्ही तार ओढलीत की बासरी तशीच वळते, कंप दिलात की तसाच कंप येतो. भावगीताच्या मधल्या संगीतात दोन सुरांच्या मधली ती छोटी घसरण असते ना, तिथे श्रोते मान वर करून बघतात. पण त्यासाठी एका वेळी एकच तार वाजवायची शिस्त हवी. बासरीच्या आवाजावर सवयीने पूर्ण कॉर्ड मारलात तर सहा बासरीवाले एसटीत चढताना रेटारेटी करतायत असं ऐकू येतं. पियानोच्या आवाजाचं उलट. तिथे तार जराशी ओढली गेली तरी पियानो बेसुरा वाटतो, म्हणून सिंथमधली सूर अर्ध्या-अर्ध्या स्वरावर ठेवणारी सोय, बहुतेक ठिकाणी तिला क्रोमॅटिक म्हणतात, ती चालू करायची. शिवाय गिटारचा कॉर्ड एका झटक्यात सहा तारांवरून फिरतो आणि पियानोवाला असा वाजवत नाही. तीन सूर, बोटांनी, एकदम. सनईबद्दल मात्र मी फार आशा दाखवणार नाही. खुद्द सनईचा यांत्रिक आवाजच चांगला मिळत नाही, त्यात तुमच्या बोटांचा काय दोष.

सेटिंगमध्ये लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतात ते पिकअप आणि तारेमधल्या अंतराकडे. पिकअप ब्रिजपासून वीस मिलिमीटरच्या आत हवा, आणि शेवटच्या पट्टीवर, म्हणजे शेवटच्या फ्रेटवर, तार दाबून धरली असताना तार आणि पिकअप यांच्यात एक मिलिमीटर फट हवी. ही फट मोजायला मी गॅरेजवाल्या मित्राचं फीलर गेज आणलं, ज्याने तो टॅपेट लावतो ते. पोलादी पातं पिकअपजवळ नेलं की खटकन त्याला चिकटायचं. पिकअपमध्ये चुंबक, दुसरं काय होणार! मग त्याच्याच काउंटरवरची तीन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली. गेजवर मोजली तर एक मिलिमीटरच्या अगदी जवळ भरली, आणि तेव्हापासून तीच तीन कार्डं माझ्या गिटारच्या पिशवीत आहेत. सहाही तारांखालून ती अडखळत पण न वाकता सरकली पाहिजेत. त्यानंतर सिंथमध्ये प्रत्येक तारेची संवेदनशीलता वेगळी लावायची, जोरात छेडल्यावर मीटर टोकाला जेमतेम टेकेल इतकी. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि ते न करता ‘ट्रॅकिंग (सूर ओळखणं) बेकार आहे’ म्हणत पिकअप विकून टाकणारे मी चार तरी पाहिलेत.

आणि भुतं. डावा हात उचलताना मोकळी तार किंचित वाजते, साध्या गिटारवर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. सिंथ मात्र ती इमानदारीने बासरीत वाजवून दाखवतो. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकदा निवेदिकाबाई देणगीदारांची नावं वाचत होत्या, मी हात बाजूला घेऊन उभा, आणि बासवाला हळूच आपली ए तार तपासत होता. त्याची तार ५५ हर्ट्झची, माझी पाचवी तार बरोबर दुपटीची, ११० ची. ती आपोआप थरथरायला लागली आणि कुणीही न वाजवता स्पीकरमधून सनईचा सूर सुरू झाला. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात जोडले. तेव्हापासून गाणं संपलं की आधी डब्यावरचा सिंथचा व्हॉल्यूम शून्य, मग पाणी प्यायचं.

घ्यायचं काय, तर इथे जरा जपून. आता बाजारात दोन पिढ्या एकत्र मिळतात. तेरा पिनवाली जुनी पिढी, म्हणजे जीके-२ए, जीके-३ हे पिकअप आणि जीआर-५५, एसवाय-१००० हे सिंथ. आणि २०२३ साली रोलंडच्याच बॉसने आणलेली जीके-५ (पिकअप) आणि जीएम-८०० (सिंथ) ही नवी डिजिटल पिढी, जिची केबल दिसायला साध्या स्टीरिओ जॅकसारखी असते. या दोन पिढ्या एकमेकींना थेट जोडता येत नाहीत, मध्ये वेगळा कन्व्हर्टर लागतो. जुना पिकअप स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि नवा सिंथ आणला की तिसरा खर्च उभा राहतो. नवी केबल साध्या अँपमध्ये चुकूनही घालू नका.

लॅपटॉपवर वाजवायचं असेल तर फिशमनचा ट्रिपलप्ले हा वायरलेस पिकअप आहे. त्यात प्रत्येक तार वेगळ्या मिडी चॅनलवर जाते. त्याची पिचबेंडची (तार ओढल्यावर सूर किती अर्धस्वर सरकू शकतो त्याची) मर्यादा आणि सॉफ्टवेअरमधल्या बासरीची मर्यादा एकच असली पाहिजे, दोन्हीकडे बारा किंवा दोन्हीकडे चोवीस. एकीकडे दोन आणि एकीकडे बारा राहिलं तर मींड भलत्याच सुरावर जाऊन उतरते आणि माणूस पिकअपला शिव्या देतो. नायलॉनच्या तारा असतील तर हे चुंबकी पिकअप कामाचे नाहीत, तिथे ब्रिजमध्ये बसणारे, तारेच्या दाबावर चालणारे पिएझो पिकअप लागतात. तुमची गिटार इलेक्ट्रिक आहे, सोडून द्या.

खरं सांगायचं तर काही विकत घेण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. जॅम ओरिजिनचं मिडी गिटार हे सॉफ्टवेअर तुमच्या साध्या पिकअपच्या आवाजातूनच सूर ओळखतं, ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) असला की झालं. सहा तारा वेगळ्या नसल्यामुळे कॉर्डमध्ये कधी कधी चुकतं, पण एका तारेवरची बासरी तुम्हाला झेपते का, आवडते का, हे त्यावर पुरतं कळतं. बॉसचा एसवाय-१ पेडलही साध्या जॅकवर चालतो, फक्त त्यातून वाद्यांचे खरे आवाज येत नाहीत, सिंथचेच येतात.

एक न मागितलेली गोष्ट. माझ्याकडे आता बासरीपेक्षा जास्त वापर होतो तो वेगळ्याच सोयीचा. सहा तारा वेगळ्या मिळत असल्यामुळे सिंथ प्रत्येक तारेचा सूर खुंटी न पिळता बदलू शकतो. गायिका ऐनवेळी म्हणाली ‘दादा, आज अर्धा सूर खाली घेऊ या,’ तर पायाने एक बटण दाबतो. अँपचा आवाज मोठा ठेवायचा, नाहीतर तारांचा मूळ सूर आणि बदललेला सूर दोन्ही कानात पडतात आणि डोकं उठतं.

तर आधी स्टीलची पट्टी घ्या आणि दोन मापं काढा: ब्रिजच्या सॅडलपासून (तार टेकते त्या तुकड्यापासून) ब्रिज पिकअपच्या कडेपर्यंत मोकळी जागा किती, आणि ब्रिजपाशी पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर किती. स्ट्रॅटमध्ये तो पिकअप तिरका असतो, म्हणून पहिलं माप बारीक तारेच्या बाजूने घ्या, अडचण तिथेच असते. मापं खाली लिहा, कुठला पिकअप मावेल ते सांगतो.