मुनाबावचा लोहमार्ग आधी आणि सीमा नंतर

राजस्थानातील बाडमेरहून मुनाबावपर्यंतचा लोहमार्ग सैन्याच्या सोयीसाठी मुद्दाम पाकिस्तानच्या सीमेपर्यंत नेला का, असा प्रश्न पडतो. तसे घडलेले नाही. हा मार्ग टाकला तेव्हा तिथे आंतरराष्ट्रीय सीमाच नव्हती.

मारवाडातील, म्हणजे जोधपूरच्या मुलखातील, लोहमार्गाची सुरुवात जोधपूर संस्थानाच्या खर्चाने झाली. खारची, म्हणजे आजचे मारवाड जंक्शन, तिथून पालीपर्यंतचा मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांचा) फाटा १८८२ मध्ये सुरू झाला आणि १८८५ मध्ये गाडी जोधपूरला पोहोचली. वॉल्टर होम या अभियंत्याने हे काम काटकसरीने केले. पुढे जोधपूरजवळच्या लुणीहून पचपदऱ्याकडे रूळ गेले, ते तिथल्या मिठासाठी. बाडमेर १८९९ मध्ये जोडले गेले, आणि त्यानंतर वर्षभरातच हा मार्ग वाळवंट ओलांडून सिंधमधील शादीपल्लीला भिडला.

पलीकडे हैदराबाद (सिंध) ते शादीपल्ली हा मार्ग १८९२ पासून ब्रॉडगेज होता. तो १९०१ मध्ये मीटरगेज करण्यात आला, म्हणजे मारवाडच्या अरुंद रुळांशी जुळवून घेण्यासाठी रुंद मार्ग अरुंद केला गेला. नेहमी याच्या उलट घडते, म्हणून ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. मराठी वाचकांनी इथे एक लक्षात घ्यावे की सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, तरीही मुंबई आणि कराची यांना मारवाडमार्गे थेट जोडणारा सलग ब्रॉडगेज मार्ग कधीच झाला नाही. अहमदाबादला मीटरगेजमध्ये बसायचे, मारवाड जंक्शन आणि लुणीमार्गे हैदराबाद गाठायचे आणि तिथे पुन्हा ब्रॉडगेजची गाडी धरायची. त्यापेक्षा अनेकांना बोटच बरी वाटत असणार.

१९४७ मध्ये मुनाबाव आणि सिंधमधील खोखरापार यांच्या मधून सीमा गेली आणि याच मार्गाने निर्वासितांचे लोंढे दोन्ही दिशांना वाहिले. गाड्या मात्र १९६५ च्या युद्धापर्यंत चालू होत्या. त्या युद्धात याच मार्गावरील गडरा रोड स्थानकाच्या परिसरात रेल्वेचे १७ कर्मचारी कामावर असताना मारले गेले. त्यांच्या स्मारकापाशी दरवर्षी ९ सप्टेंबरला रेल्वेचे लोक जमतात. सैन्यासाठी या मार्गाचा खरा उपयोग झाला तो तेव्हा आणि १९७१ मध्ये.

मुद्दाम सीमेपर्यंत नेलेले रेल्वेचे काम शोधायचे असेल, तर ते या शतकातले आहे. दोन्ही देशांनी आपापल्या बाजूचे रूळ ब्रॉडगेज केले, पाकिस्तानने सीमेलगत झीरो पॉइंट नावाचे नवे स्थानक बांधले, आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी थार एक्सप्रेस सुरू झाली. आठवड्यातून एकदाच धावणाऱ्या या गाडीसाठी प्रवाशांना मुनाबावला उतरून तपासणी करून घ्यावी लागे आणि पलीकडे झीरो पॉइंटवर तेच सोपस्कार पुन्हा होत. तरीही सिंधमधील उमरकोटकडचे सोढा राजपूत, ज्यांच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या मारवाडात होतात, त्यांना पंजाबातील वाघा सीमेवरून जाणाऱ्या लांबच्या फेऱ्यापेक्षा हा त्रास कमीच होता. ऑगस्ट २०१९ मध्ये ही गाडी बंद झाली आणि भारतीय प्रवाशाचा प्रवास पुन्हा मुनाबावलाच संपू लागला.