भूकंपरोधक इमारतीचं साधं मॉडेल घरी कसं बनवायचं आणि तपासायचं?

तुम्ही विचारलंय, प्रदर्शनासाठी थर्माकोलची इमारत चालेल का? माझं मत: नको. थर्माकोल फार हलका, त्यामुळे हादऱ्यात काहीच कळत नाही. गोव्यात माडाचे हीर फुकट मिळतात, तेच घ्या. सांधे दोऱ्याने बांधून वर फेव्हिकॉल लावा आणि रात्रभर सुकू द्या. मॉडेल बहुतेक वेळा सांध्यातच मोडतं.

तीन मजल्यांची दोन सारखी मॉडेलं करा. एकाला सगळ्या मजल्यांवर तिरपे हीर लावा. दुसऱ्याला फक्त वरच्या दोन मजल्यांवर लावा, तळमजला मोकळा ठेवा, आपल्या पणजी-मडगावच्या स्टिल्ट पार्किंगसारखा (खाली नुसते खांब आणि गाड्या, वर घरं). चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण सहसा कलत नाही, सगळी गंमत एवढीच. प्रत्येक मजल्यावर नाण्यांची सारखी पुडी चिकटवा. वजनाशिवाय चाचणीला अर्थ नाही, कारण भूकंपाचं बल वस्तुमानावर अवलंबून असतं.

मॉडेलला हादरे देणारं टेबल सोपं आहे: दोन प्लाय, मध्ये गोट्या, चार कोपऱ्यांना रबरबँड. मॉडेल वरच्या प्लायला घट्ट बसवा, प्लाय 2 सेंमी ओढून सोडा, मग 3, मग 4. दोन्ही मॉडेलांना ओढ सारखीच द्या आणि मोबाइलवर स्लो मोशन घ्या. मोकळा तळमजला आधी बसेल. 2001 च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादच्या अनेक इमारती अशाच कोसळल्या.

परीक्षक विचारतीलच, गोव्यात याचा काय संबंध? भारतीय मानक 1893, म्हणजे भूकंपरोधक बांधकामाचे नियम, त्याच्या 2016 च्या आवृत्तीत गोवा झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भूकंप विभागात आहे.