वाचकांचे प्रश्न : रिकाम्या पुंगळ्या आणि काडतुसांचा तुटवडा

प्रश्न : वडिलांची .३१५ बोअरची रायफल रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झाली आहे. दुकानात काडतुसांची चौकशी केली, की ‘माल आलेला नाही’ एवढेच उत्तर मिळते. माझा भाचा अमेरिकेत असतो आणि तो वापरलेल्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी पितळी कवचे, घरीच पुन्हा भरतो. मात्र मध्यंतरी प्रायमर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोप्या, मिळेनासे झाल्याने त्याचेही काम अडले होते. माझ्याकडे वडिलांच्या काळच्या पन्नासेक रिकाम्या पुंगळ्या आहेत. त्या येथे भरून घेता येतील का? आणि पितळेची पुंगळी हाताशी असताना अडते ते नेमके कुठे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग कायद्याचा आहे, म्हणून तो आधी निकालात काढतो. आपल्या हातातील परवाना शस्त्र व काडतुसे बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळ्याच्या उत्पादनाला स्वतंत्र परवाना लागतो, आणि याच अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग तसेच ते तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा कोणी ओळखीचा कारागीर ‘आणा, भरून देतो’ म्हणाला, तर त्याच्या दारातूनच परत फिरावे. भाच्याचा छंद त्याच्या देशातील कायद्यात बसतो. आपल्या कोथरूडच्या सदनिकेत तो बसत नाही.

आता अडते कुठे ते पाहू. काडतुसाचे भाग चार : पुंगळी, गोळी, दारू आणि बुडाशी बसवलेली प्रायमरची टोपी. पुंगळी बार उडाल्यानंतरही उरते आणि काही वेळा पुन्हा वापरता येते. दारू खर्च होते, पण ती मोजून वापरण्याची वस्तू आहे. दारू ‘ग्रेन’ या बारीक वजनात तोलतात; एका पौंडात ७,००० ग्रेन असतात आणि रायफलच्या एका काडतुसाला साधारण ४५ ग्रेन लागतात असे धरले, तर पौंडाच्या एका डब्यात दीडशेच्या आसपास काडतुसे निघतात. प्रायमरला मात्र असा हिशेब नाही. एका बाराला एक टोपी, आणि ती एकदाच. तिच्यात आघाताने पेट घेणारे मिश्रण असते, ते तयार करण्याचे काम अत्यंत जोखमीचे असते, आणि त्यामुळे ते करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. मागणी वाढली, की हे कारखाने आधी स्वतःच्या तयार काडतुसांसाठी टोप्या राखून ठेवतात आणि उरलेल्या सुट्या विकतात. घरी भरणारा माणूस त्या रांगेत शेवटी उभा असतो. २०२० साली करोनाच्या काळात अमेरिकेत बंदुकांची खरेदी एकदम वाढली, त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टन ही बंदुका व काडतुसे बनवणारी जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि आपल्या भाच्याला जो दुष्काळ जाणवला त्याचे मूळ बहुधा तेथेच आहे.

दारूची टंचाई त्यानंतरची. बिनधुराच्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज हा असतो आणि तो प्रामुख्याने कापसापासून बनतो. त्यातही सरकीला चिकटून राहणारा जो आखूड रुवा असतो, ज्याला व्यापारात लिंटर म्हणतात, तो त्यासाठी वापरतात. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धामुळे तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि तोफेची दारू व शिकारी रायफलीची दारू एकाच कच्च्या मालावर तुटून पडल्या. वऱ्हाडातल्या जिनिंगमध्ये सरकीचे ढीग आपण पाहतो, तेव्हा त्या पांढुरक्या तंतूंचे असेही एक गिऱ्हाईक असेल हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

टंचाईत खरा धोका मोह हा असतो. नेमकी दारू मिळत नाही म्हणून दिसायला तशीच असलेली दुसरी घालावी, एका जातीची टोपी नाही म्हणून दुसऱ्या जातीची बसवावी, असे अनेकांना वाटते. दारूच्या कणांचा रंग आणि आकार सारखा दिसला, तरी जळण्याचा वेग सारखा असतोच असे नाही, आणि त्या वेगातील फरकावरच नळीतला दाब ठरतो. प्रसिद्ध केलेले प्रमाण त्या विशिष्ट चार भागांच्या जोडणीसाठी असते. त्यातील एक भाग बदलला, की ते प्रमाण आपले राहत नाही. जेथे हा छंद कायदेशीर आहे तेथील जाणते लोकही म्हणूनच माल मिळेपर्यंत बार कमी उडवतात, जोडणी बदलत नाहीत.

आपल्या पुंगळ्यांबद्दल आणखी एक. त्यांतील एक खिडकीच्या उजेडात आडवी फिरवून पाहा. बुडाच्या काठापासून साधारण बोटाच्या रुंदीइतके वर, सगळीकडून फिरलेली एखादी उजळ, चकचकीत रेघ दिसली, तर तेथे पितळ ताणून पातळ झाले आहे असे समजावे. काठावर टेकणाऱ्या पुंगळ्यांमध्ये, म्हणजे .३१५ सारख्या काडतुसांत, हा ताण विशेष जाणवतो, आणि अशी पुंगळी पुढच्या बाराला तेथूनच दोन तुकडे होऊन तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येण्याची भीती असते. पन्नास वर्षे जपलेले पितळ म्हणजे पन्नास काडतुसांचे भांडवल, असा हिशेब त्यामुळे कायद्याची अडचण नसती तरी मांडता आला नसता.

प्रश्न : मी बालेवाडीच्या रेंजवर ५० मीटर रायफलचा सराव करते. आयात .२२ काडतुसे महाग आहेत. ती पुन्हा भरता येत नाहीत असे प्रशिक्षक सांगतात, कारण काय?
— एक विद्यार्थिनी, बाणेर

उत्तर : प्रशिक्षक बरोबर सांगतात. .२२ मध्ये वेगळी टोपी नसते. पेटणारे मिश्रण पुंगळीच्या पोकळ काठात पसरवलेले असते आणि पिन त्या काठावर आपटून काठ चेपते. चेपलेला काठ पुन्हा वापरता येत नाही. खर्च वाचवायचा असेल, तर आपल्या नळीला मानवणारा लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचा गट, एकदा शोधून तोच सामन्यासाठी राखावा आणि स्थितीचा बराचसा सराव गोळी न घालता, कोरडा करावा. ५० मीटरवरील दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, त्यामुळे लॉट बदलल्याचा फरक तेथे कागदावर उमटतो.

प्रश्न : सासऱ्यांची रायफल त्यांच्या पश्चात आम्ही रीतसर जमा केली होती. आता माळ्यावरच्या ट्रंकेत अकरा काडतुसे सापडली आहेत. बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरे आहेत, अंगावर हिरवट पूड आहे आणि एकाच्या मानेवर केसासारखी चीर आहे. काय करावे?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ‘के. एफ.’ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपल्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. सासऱ्यांची काडतुसे घरापासून तासाभराच्या अंतरावरच तयार झाली असणार.

ती चीर मात्र गंभीरपणे घ्यावी. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील छावण्यांमध्ये पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत असत, म्हणून इंग्रजीत त्या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. घोड्यांच्या पागेजवळ साठवलेल्या काडतुसांत तो अधिक दिसे. पितळेत घडणीच्या वेळचा ताण उरलेला असायचा आणि लघवीतून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्यावर काम करायचा, याचा उलगडा १९२१ साली झाला. आपल्या माळ्यावर घोडे नसले, तरी पुण्याचे पन्नास पावसाळे त्या ट्रंकेने पाहिले आहेत.

ती काडतुसे घासू नयेत, त्यांना तेल लावू नये, गोळी पक्कडीने उपसू नये आणि कचऱ्यात किंवा नदीत तर मुळीच टाकू नयेत. परवाना उरलेला नसताना अशी काडतुसे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करणे कलम २१ नुसार बंधनकारक आहे. आपण होऊन पिशवीत घालून निघण्याऐवजी आधी ठाण्यात दूरध्वनी करावा, रायफल जमा केल्याची जुनी पावती हाताशी ठेवावी, आणि काडतुसे देताना अकराच्या अकरा मोजून त्यांची वेगळी पावती घ्यावी.